पिठातली पावलं

मी करंजाड्यात राहते, पनवेलच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. घरी टेबलासमोर मी रेनेसाँस काळातल्या एका चित्राची प्रिंट लावली आहे. क्रूसावरून उतरवलेला येशू दगडावर निजलाय, पायांचे तळवे थेट आपल्याकडे. कडेला, कशीबशी मावलेली त्याची म्हातारी आई फडक्याने डोळे पुसतेय. मुलांना मी दरवर्षी ऐटीत सांगायची, बघा, चित्रकाराने लबाडी केलीय. पावलं इतकी जवळ म्हणजे मोठी दिसायला हवीत, पण मग चेहरा झाकला असता, म्हणून लहान काढली.

आईला ते चित्र अजिबात खपत नसे. "मेलेल्याचं पाय आपल्याकडं करून कोन ठेवतं? काढ ते." मी हसून सोडून द्यायची.

मग धाकटा भाऊ गेला. साध्या तापाचं निमित्त झालं. त्याला हॉलमध्ये ठेवलं, तर जागा नाही म्हणून आई कपाटाच्या सांदीत बसली. अगदी त्या चित्रातल्या बाईसारखी, फक्त डोळे कोरडे ठणठणीत. मला तिची भीतीच वाटली. दिवस जात राहिले, ती रडेना. मावशी माझ्या कानाशी लागली, "तिला रडव गो, नायतर छातीला बसल." आईचं एकच, "तो सांगून गेला नाय. येऊन जाऊ दे, मग रडेन."

आमच्याकडे माणूस ठेवला होता त्या जागी दिवा लावतात, पीठ पसरून वर टोपली झाकतात. गेलेला येऊन गेला तर पिठात खूण उमटते म्हणे. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. पण दहाव्याच्या आदल्या दुपारी सगळं घर पेंगत होतं, आई डोळे मिटून पडली होती. मी टोपली उचलली आणि बोटाने पिठात एक डावं पाऊल काढलं. हात सरावाचा, अर्ध्या मिनिटात झालं. टोपली होती तशी ठेवली.

संध्याकाळी सगळ्यांसमोर मावशीने टोपली उचलली. पिठात दोन पावलं होती.

डावं माझं, लहान आणि नेटकं. उजवं मोठं होतं, टाच खोल रुतलेली, करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. तेव्हा कुठे मला आठवलं, लहानपणी त्याची ती करंगळी दारात चेंगरली होती. जन्मभर पाय काढत आले आणि सख्ख्या भावाचा पाय विसरले.

आई सरकत पुढे आली. "डावा तुजा," माझ्याकडे न बघता ती हळूच म्हणाली. "यो त्याचा." मग दोन्ही हात पिठात टाकून तिने असा टाहो फोडला की खालच्या मजल्यावरची माणसं धावत वर आली.

तिचे हात पिठात जायच्या आधी मला तिची नखं बघता आली असती. मी बघितली नाहीत. मला तो आलेला हवा होता.