आधी मीटर, मग प्लग

हार्लन पीव्हीची ओळख लोकांना त्याच्या तोंडावरून कमी आणि हातातल्या, विजेचा दाब मोजायच्या पिवळ्या मीटरवरून जास्त होती. कॅन्ससमध्ये आयुष्यभर शाळेची बस चालवली, निवृत्त झाल्यावर घर विकलं आणि बायको आर्डिथला घेऊन ट्रेलरमध्ये, गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरात, राहायला गेला. उन्हाळा ओक्लाहोमातल्या तलावांकाठी, हिवाळा टेक्सासच्या किनाऱ्यावर. ट्रेलरवाल्यांच्या तळावर नवा माणूस आला, की लोक घडीच्या खुर्च्या बाहेर काढून बसतात. त्याला गाडी मागे घेताना घाम कसा फुटतो, ते बघायला. फुकटचा तमाशा कुणाला नको असतो? हार्लन मात्र तमाशाला पाठ करून थेट विजेच्या खांबाकडे जायचा.

"मीटर लावलंस का?" हा त्याचा रामराम.

त्याचा क्रम ठरलेला होता. खांबावरचा खटका खाली. मग सॉकेटमध्ये मीटरच्या काड्या, खटका वर, आकडा वाचायचा. आकडा बरोबर असेल तर खटका पुन्हा खाली, सॉकेटमध्ये राखणपेटी, पेटीत ट्रेलरची जाड केबल, आणि मगच खटका वर. राखणपेटीचं काम एकच. वीज वेडीवाकडी आली तर ती दारातच अडवायची. एकदा शेजारच्या ट्रेलरच्या पत्र्यात वीज उतरून एक कुत्रा पायरीवरच मेला होता. तेव्हापासून हार्लन तळावर कुणालाही मीटरशिवाय प्लग लावू देत नसे. लोक त्याची टिंगल करत, पण तो समोर असला की खटका मुकाट्याने खाली करत.

"आर्डिथ, लग्नाच्या दिवशी तुलाही मीटर लावलं होतं का गं याने?" तळावरचं कुणीतरी विचारायचं.

"लावलं होतं ना. म्हणाला, भार झेपेल असं वाटतंय."

मग हार्लन विसरायला लागला. आधी नावं, मग रस्ते, मग जेवलो की नाही ते. डॉक्टरीणबाई आर्डिथला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ओळखीच्या जागेतून त्यांना हलवू नका. जागा बदलली की उरलंसुरलंही जाईल." ओळखीची जागा म्हणजे ट्रेलर. तिथे हार्लनच्या हातांना सगळं पाठ होतं. कप कुठे, संडासाचं दार कुठे, दिव्याचं बटण कुठे, हे त्याला कुणाला विचारावं लागत नसे. दुसऱ्याच्या घरात गेला की मात्र तो भिंतीपाशी उभा राहायचा, परक्या गावात उतरलेल्या पोरासारखा. त्यामुळे आर्डिथने मनाशी एकच गोष्ट पक्की केली होती: हा ट्रेलर आहे तोवर हार्लन आहे.

पण मीटरचं वेड काही जाईना, उलट वाढलं. त्याने चर्चमधल्या कॉफीच्या भांड्याला मीटर लावलं. टपालाच्या पेटीला लावलं. ऐन ऑगस्टच्या उकाड्यात, भर दुपारी, तळावरच्या सगळ्या रांगेच्या केबली त्याने उपटून ठेवल्या. का, तर म्हणे वीज खराब आहे. विजेला काहीसुद्धा झालं नव्हतं. लोकांचे एसी बंद पडले, फ्रिजमधलं मांस नासलं, एका म्हातारीला चक्कर आली. तळाचा व्यवस्थापक हातातली टोपी चुरगाळत आर्डिथकडे आला. माणूस वाईट नव्हता, पण त्याने सांगितलं ते जागा सोडायलाच.

दुसऱ्या तळांवरही बातमी आधीच पोचली होती. शेवटी आर्डिथने धाकट्या भावाला, लाइलला, फोन केला. लाइल गावाबाहेर मोठ्या आवारात एकटाच राहायचा. "ये की ताई," तो म्हणाला. "तुमच्यासाठी सॉकेट बसवून घेतो. चर्चमधला रॉइस आहे, घरांच्या वायरिंगमध्ये त्याचा हात धरणारा कुणी नाही." आणि खरंच, ते पोचले तेव्हा गॅरेजच्या भिंतीवर नवं कोरं सॉकेट चकाकत होतं. लाइल त्याच्याशेजारी असा उभा होता, जणू ते त्याच्याच पोटचं पोर असावं.

हार्लनने मीटर काढलं. खटका खाली, काड्या सॉकेटमध्ये, खटका वर. आकडा वाचला. पुन्हा वाचला. मग खटका खाली केला.

"दुप्पट आहे," तो म्हणाला.

"काय दुप्पट?" लाइलने विचारलं.

"वीज. दुप्पट येतेय. हे लावायचं नाही."

लाइलने आर्डिथकडे बघितलं. त्या बघण्यात सगळं आलं. आर्डिथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याने पोटभर जेवून 'मला उपाशी ठेवता का' म्हणावं, टपालपेटीत वीज शोधावी, त्याचं आज खरं कसं धरायचं? लांडगा आला रे आला, हे तिने वर्षभर ऐकलं होतं, आणि त्यापायी राहता तळ गेला होता. तिने मीटरकडे बघितलंसुद्धा नाही.

"बरं, तुझी पेटी तर लावून बघ," ती समजुतीने म्हणाली.

हार्लनने राखणपेटी लावली. खटका वर करताच पेटीवर लाल दिवा लागला आणि पुढे काही जाईना. ट्रेलर मुका तो मुकाच.

"बघ, अडवलंय तिने," हार्लन म्हणाला. त्याच्या आवाजात कित्येक महिन्यांनी जुना हार्लन होता. हे आर्डिथला ऐकू आलं. ऐकू येऊनही तिने मनावर घेतलं नाही.

"परवा हीच पेटी तू उघडून बसला होतास," ती म्हणाली. "स्क्रू ताटात सापडले मला."

"बिघडली असणार," लाइल म्हणाला. उंटावरचा शहाणा तो. "ताई, आत भट्टी झालीय. हा उन्हाने पडेल. काढ ती पेटी आणि सरळ लाव केबल. रॉइस तीस वर्षं हेच करतोय, तो काय चुकणार आहे?"

खटका पाडून पेटी लाइलनेच काढली. केबलचं टोक मात्र हार्लनने दोन्ही हातांत छातीशी धरून ठेवलं होतं. लाइल पुढे झाला, तसा तो मागे सरकला. मग आर्डिथ गेली. "हार्लन, दे मला," म्हणत तिने त्याचं एकेक बोट सोडवलं. त्याने ओढाताण केली नाही. ती होती म्हणून सोडलं त्याने. दुसऱ्या कुणाला जीव गेला तरी दिलं नसतं.

तिने प्लग लावला. लाइलने खटका वर केला.

ट्रेलरच्या खिडक्या भर उन्हातही आतल्या दिव्यांनी पांढऱ्याशुभ्र उजळल्या. एसी एकदा घुरघुरला आणि फटकन आवाज झाला, मग दुसरा. ट्रेलरच्या दारातून काळा धूर आला. लाइलने खटका पाडला तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. जळक्या प्लॅस्टिकचा वास अंगणभर सुटला.

रॉइस तासाभरात आला. त्याने उकिडवं बसून सॉकेट उघडलं आणि चूक त्याच्या लक्षात आली. कपडे वाळवायच्या मशीनचं सॉकेट आणि ट्रेलरचं सॉकेट, दोन्ही तीस अँपियरची, दोन्हींना तीन खाचा, दिसायला भाऊभाऊ. पण मशीनला लागतात दोनशेचाळीस व्होल्ट आणि ट्रेलरला एकशेवीस. त्याने जन्मभर मशीनची सॉकेटं बसवली होती, हेही हाताच्या सवयीने तसंच जोडलं. घरांची कामं करणाऱ्या वीजवाल्यांची ही नेहमीची चूक, हे हार्लन तळावर प्रत्येक नवख्याला सांगायचा. आर्डिथने ते हजारदा ऐकलं होतं.

दुरुस्तीवाल्याने आत डोकावून मान हलवली. वायरिंगच करपलंय, म्हणाला, इतक्या जुन्या ट्रेलरला कुणी हात लावणार नाही.

आता ते लाइलच्या मागच्या खोलीत राहतात. हार्लन सकाळी उठून कपाटाचं दार उघडतो, बाथरूम समजून. कप शोधताना भिंत चाचपतो. दुपारी खिडकीत उभा राहून आवारातल्या ट्रेलरकडे बघतो, आणि तेवढं एक त्याला कळतं, की तो जळलाय.

"आर्डी," एके दिवशी तो म्हणाला, "मी मीटर लावायला विसरलो असेन. माफ कर मला. मी आपलं घर जाळलं."

"नाही रे," आर्डिथ म्हणाली. "तू लावलं होतंस. दुप्पट आहे म्हणालास. पेटीनेही अडवलं होतं. मीच ऐकलं नाही. मी तुझ्या हातातून केबल काढून घेतली."

हार्लनने तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. मग मायेने तिच्या हातावर थोपटलं.

"तू माझं मन राखायला सांगतेस," तो म्हणाला.

तिने लाइलला बोलावलं. लाइलनेही मान खाली घालून तेच सांगितलं. हार्लन दोघांकडे बघून हसला. माणसं किती चांगली असतात, असं काहीतरी म्हणाला. दुसऱ्या दिवशी खिडकीत उभं राहून त्याने पुन्हा माफी मागितली. रोज मागतो. आर्डिथ रोज खरं सांगते, आणि तो रोज तिचा हात थोपटतो.