अळणी दिवस

लेकरांनो,

हे मी मराठीत लिहिते आहे. अडेल तिथे बाबांना विचारा. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटीनं मला विचारलं, "आजी, महालक्ष्म्यांच्या दिवशी तुला आजोबा खरंच दिसले होते का?" तुमच्या बाबांनी घाईनं विषय बदलला आणि मीही बदलू दिला. पण प्रश्न माझ्याजवळ राहिला. त्या दिवसांतलं बरंचसं आता पुसट होत चाललंय. मुलांना अर्धवट माहीत असलेली गोष्ट पुढे भलतीच होऊन बसते. म्हणून आठवतंय तोवर लिहिते.

दोन वर्षं झाली. आजोबांना जाऊन तेव्हा एक वर्ष झालं होतं. लातूरच्या घरात मी एकटी, आणि दिवसा कामाला येणाऱ्या मावशी. मावशींचं माहेर देवणीकडे, गाईगुरांचं घर.

आषाढी एकादशीला मी चातुर्मासाचा नेम धरला. या चार महिन्यांत आपल्याकडे माणसं काहीतरी सोडतात. कुणी कांदा-लसूण, कुणी वांगं, कुणी गादीवर झोपणं. कार्तिकीला ती सोडलेली वस्तू दान करायची आणि मग पुन्हा घ्यायची. बिलोलीला माझ्या आजीनं एका वर्षी मीठ सोडलं होतं, ते मला लहानपणापासून फार मोठं वाटत आलं होतं. मी मीठ सोडलं. एक वेळ जेवण, सकाळ-संध्याकाळ दीड-दीड तास जप, आणि भूक लागली की तांब्याभर पाणी. रक्तदाबासाठी डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हणून सांगितलंच होतं. देव आणि डॉक्टर एका मताचे झालेले पाहून मला बरं वाटलं. रक्तदाबाची गोळी मात्र न चुकता घेत राहिले.

एक वही केली. माझी शाळा हैदराबादची, इंग्रजी माध्यमाची. तिथे समास आखल्याशिवाय पानावर काही लिहू देत नसत. मोक्षाच्या वाटेवरही मी पट्टी घेऊनच निघाले. तारीख, जपाची वेळ, जेवण, आणि शेवटच्या रकान्यात मनाची अवस्था.

आषाढ साधाच गेला. श्रावणात सगळं हलकं व्हायला लागलं. दुपारी व्हरांड्यात बसलं की कडुलिंबाची सावली भिंतीवर हलायची, आणि मला वाटायचं भिंतच हलते आहे, श्वास घेते आहे. रस्त्यावरून टँकर जायचा, त्याचा आवाज लांबच्या गावाहून आल्यासारखा यायचा. पायरी उतरताना पायाखाली कापूस. जप मी करत नव्हतेच. तो कुठूनतरी येत होता आणि मी नुसती ऐकत होते. एकदा हातातल्या चमच्याचं नाव आठवेना. त्याचं काही वाटलं नाही. शेवटी सगळी नावं गळून पडतात, असंच तर ऐकत आले होते. वहीत लिहिलं, "प्रगती."

आजोबा गेल्यापासून छातीत जो दगड होता तो त्या दिवसांत नव्हता. हे तुम्ही लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं कळेल.

मावशींना ते काही पसंत नव्हतं.

"बाई, तोंड बघा तुमचं, वाळून गेलंय. चिमूटभर मीठ खावा."

"नेम आहे, मावशी."

"देवाला काय ठावं होतंय?"

"मावशी!"

"न्हाई, म्हंजे ठावं होतंय. पर तो काय तुमच्यावानी मास्तरीण हाय व्हय, लाल रेघ मारायला?"

एका दुपारी त्या भांडी घासून बाहेर आल्या आणि दारातच थांबल्या. "बाई, काय करून राहिल्या?"

मी माझं मनगट चाटत होते. घामाचं मनगट. किती वेळ, कोण जाणे.

"आमच्या माहेरी गाय भिंत चाटाया लागली," मावशी हळू म्हणाल्या, "की म्हातारा म्हनायचा, मीठ टाका हिच्या गव्हाणीत."

मी हसले. गाईशी तुलना झाली, म्हणजे आपण आणखी निर्मळ झालो, असं काहीतरी मनात आलं.

मग महालक्ष्म्या आल्या. स्वयंपाक मावशींनी केला, मी आरतीपुरती उभी होते. तुमचा फोन आला तेव्हा पानं वाढलेली होती. आजोबा मागच्या दारी नळावर हात धूत होते. माझ्याकडे पाठ, खांद्यावर पंचा, नेहमीसारखा नळ मोठा सोडलेला. ते इतकं रोजचं होतं की मला आश्चर्यसुद्धा वाटलं नाही. मी तुम्हाला म्हटलं, "आजोबांना हाक मारा रे, पान गार होतंय." थोरला म्हणाला, "आजी, आजोबा तर..." मग बाबांचा आवाज, "आई, फोन मावशींकडे दे."

पुढचं मला मावशींनी सांगितलेलं आहे. त्यांनी मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर म्हणजे रक्तदाबाची गोळी देणारेच, माझे जुने विद्यार्थी.

"मॅडम, सोडियम फार उतरलंय. मीठ कधीपासून बंद आहे?"

"आखाडापासून, सायब," मावशी म्हणाल्या. "मी बोंबलून राहिले, पर आमचं कोन ऐकतंय? आम्ही अंगठेवाले."

"अहो मॅडम, कमी करा म्हटलं होतं, बंद करा नव्हतं म्हटलं. तुमची ती गोळी अंगातलं मीठ लघवीवाटे बाहेर काढते. वरून भूक मारायला तांब्या-तांब्या पाणी. उरणार काय?"

चार दिवस सलाईन लावलं, तेही अगदी संथ; याला घाई चालत नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी मला चमच्याचं नाव आठवलं. चौथ्या दिवशी मी खाटेवर मांडी घालून जपाला बसले. पंख्याची घरघर ऐकू येत होती, कंबर दुखत होती. बाकी काही नाही. कुठूनही काही आलं नाही. आणि छातीतला दगड जागेवर परत आला होता. मी रडले. मावशींना वाटलं, सुई दुखते.

घरी येऊन वही उघडली. पहिली पानं सरळ, नीटनेटकी. श्रावणात ओळी उजवीकडे उतरायला लागलेल्या. शेवटच्या आठवड्यात रकाने सोडून अक्षरं भटकलेली, आणि एका ओळीत तीनदा "प्रगती", तिसऱ्या वेळी वेलांटी नाही. दुसऱ्या कुणाचा पेपर असता तर मी पाहताक्षणी शेजारी बोलावून विचारलं असतं, बाळा, तुला बरं वाटत नाही का?

मी जपाला बसणं सोडलं. ती शांतता म्हणजे अंगात मीठ नसणं एवढंच असेल, तर बसायचं कशासाठी? आणि आजोबांनाही मी दुसऱ्यांदा गमावलं होतं. जेवत होते, गोळी बदलून दिली ती घेत होते, पण दिवसभर भिंतीकडे पाहत होते. डॉक्टर म्हणाले, रक्त आता ठीक आहे, आता माणसांत राहा. म्हणून माझी धाकटी बहीण मला नांदेडला घेऊन गेली.

ती मला रोज सकाळी पोहे खायला घालून गोदावरीच्या घाटावर फिरायला न्यायची. जप कर म्हणाली नाही, करू नको म्हणाली नाही. एके दिवशी ती भाजी घ्यायला थांबली आणि मी पायरीवर टेकले. लांबून गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन येत होतं, समोर पाण्यावर धुकं होतं आणि धुक्यात एक नाव, पुढे जातेय की थांबलीय ते कळत नव्हतं. बहीण येऊन पिशवी ठेवेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही की मी काही वेळ नुसती शांत बसले होते. गुडघा दुखत होता, नाकाला खाज सुटली होती, पोह्यांतल्या मिरचीची चव तोंडात होती. दगडही होता. पण मी त्याला ढकलत नव्हते. पायरी पायाखाली घट्ट होती.

कार्तिकीला मी लातूरला परतले होते. नेम तर मोडला होता. मी मावशींना विचारलं, आता दान कशाचं करायचं?

"मिठाचंच की. मोडला म्हून काय झालं, सुटलं तर हुतं."

खडेमिठाची पिशवी घेऊन आम्ही त्यांच्या माहेरी गेलो. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची गाय होती. मी तळहातावर खडे धरले. तिची जीभ कानशीसारखी खरखरीत आणि गरम. मीठ संपलं तरी ती हात चाटत राहिली, आणि मी तो काढून घेतला नाही.

तर धाकटे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, आजोबा मला दिसले, स्पष्ट दिसले. मी आजारी होते म्हणून दिसले. त्यानंतर पुन्हा दिसले नाहीत, आणि ते दिसावेत म्हणून मी पुन्हा कधी मीठ सोडणार नाही.

आता सकाळी चहा होतो, नाश्ता होतो, गोळी होते, आणि मग व्हरांड्यात वीस मिनिटं जप. समोर कडुलिंब आहे. भिंत हलत नाही, सावली हलते. मीठ खाऊनही ती वीस मिनिटं टिकून आहेत.