चटईवर बसलेले पास्टर

एस्तेरचा फोन आला तेव्हा मी नांदेडला, मुलाच्या घरी, दाढी करत होतो. "काका, पप्पा गेले," एवढंच ती म्हणाली. पलीकडून बायकांचा आवाज येत होता, कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं... थोड्या वेळानं तिनंच सांगितलं. सकाळी उठून त्यांनी नळाचं पाणी भरलं होतं, छातीत कळ आली म्हणून अंगणातल्या बाजेवर बसले, आणि तिची आई, मार्थाताई, आतून येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी अर्धवट दाढी तशीच पुसली आणि बसस्टँड गाठलं. खिडकीशी बसल्यावर आठवलं, नांदेडला निघताना ते मला फाट्यावर सोडायला आले होते. बस हलली तसं म्हणाले, "गुरुजी, लवकर या. मालिका आता निकालाला आली हाय." मी हसून हात केला होता. तीच आमची शेवटची भेट.

याकोब खिल्लारे हे त्यांचं नाव. वारंगा फाट्यावर त्यांना सगळे पास्टर म्हणत. काही जण फादरही म्हणत, तेव्हा ते लगेच सांगत, "मी एकट्या एस्तेरचा फादर हाय, बाकीच्यांचा पास्टर." डोंगरकड्याच्या रस्त्याला पत्र्याचं छत असलेलं त्यांचं प्रार्थनाघर होतं. मंडळी लहानशी. शेतमजूर, एक-दोन शिक्षक, एक नर्सबाई, थोडे छोटे शेतकरी. मी त्या मंडळीतला नव्हे. आमच्या घरी देव्हारा आहे आणि अजून रोज त्याला फुलं वाहिली जातात. पण मी फाट्याजवळच्या शाळेत मराठी शिकवायचो, आमची घरं एकाच गल्लीत होती, आणि आमची दोस्ती जमली ती धर्मामुळे नाही की साहित्यामुळेही नाही. ती जमली टीव्हीवरच्या एका मालिकेमुळे.

त्यांच्या घरी तेव्हा टीव्ही नव्हता. एका संध्याकाळी ते दारात येऊन उभे राहिले आणि माझ्या बायकोला, सुमनला, विचारू लागले की तुमी ती सुनांची मालिका पाहता का, मी जरा बसलो तर चालंल का. आम्ही दोघंही चकित झालो. पांढरा शर्ट, हातात बायबलची पिशवी, आणि हा माणूस सासू-सुनांची मालिका पाहणार... त्यांनी कारण सांगितलं. मंडळीतल्या बाया रविवारी उपासना संपली की एकमेकींना त्या मालिकेचं सांगत बसतात, सांगता सांगता डोळे पुसतात. "त्या कशापायी रडतात ते मला कळाया पाहिजे ना, वहिनी. मी ज्याच्यापायी रडा म्हणतो, त्याच्यापायी तर कुणी रडत न्हाई."

मग ते रोज येऊ लागले. आधी कामासाठी, पुढे चक्क आवडीनं. थोरल्या सुनेचं चुकलं की धाकटीचं, यावर त्यांचं आणि सुमनचं जोरात वाजायचं. मी मध्ये पेपर वाचत बसायचो. आणि मग रविवारी, मी बाजाराला जाताना प्रार्थनाघराच्या बाहेर रेंगाळलो की आतून तेच ऐकू यायचं. त्या मालिकेत एक सासू होती. ती सगळ्यांचं झाल्यावर, उरलंसुरलं, एकटी जेवायची, आणि घरात प्रत्येकाला ते दिसेल याची काळजी घ्यायची. पास्टरांनी रविवारचा अख्खा संदेश, म्हणजे प्रवचन, तिच्यावर दिला. म्हणाले, अशी माया करू नका जिचं ओझं दुसऱ्याच्या ताटात पडते. आतल्या बाया हसल्या आणि मग एकदम गप्प झाल्या. क्रिकेटचंही तसंच. देवाकडं पण रिप्ले हाय, ते सांगत, फरक एवढाच की तो आउट द्यायसाठी पाहत न्हाई. मी आयुष्यभर मुलांना दृष्टान्त अलंकार शिकवला, पण तो असा समोर घडताना तिथेच पाहिला.

सुमन गेली त्या वर्षी माझ्या घरातला टीव्ही बंद पडला. बिघडला नव्हता, मी लावत नव्हतो. त्या वेळेला घरात तिच्याशिवाय तो आवाज ऐकणं मला जमणार नव्हतं. पास्टर मात्र ठरलेल्या वेळेला येत राहिले. यायचे, त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसायचे, समोर काळा पडदा. फारसं बोलायचे नाहीत. मालिकेची वेळ संपली की उठून जायचे. एकदा मीच त्यांना विचारलं, मेल्यावर माणसं भेटतात का हो परत? त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "रविवारी सांगतो तसं सांगू, का मला वाटते तसं सांगू?" मी म्हणालो, वाटतं तसं. "मला आशा हाय, गुरुजी. पक्की खात्री मार्थाला हाय. मी कधी कधी तिच्या भरवशावर चालतो."

त्या उत्तरानं माझं कसं झालं ते शब्दांत सांगता येत नाही. कुणी खात्री दिली असती तर मी वाद घातला असता. पावसाळा सरल्यावर एका संध्याकाळी मीच उठून टीव्ही लावला. मालिका कुठल्या कुठे गेली होती, कोण कुणाची बायको ते मला कळेना. पास्टरांनी मधलं सगळं सांगितलं, एकेक भाग, न अडखळता. मी विचारलं, तुम्हाला कसं ठाऊक? ते ओशाळून म्हणाले की तुमच्याकडून निघालो की मी फाट्यावरच्या हॉटेलात थांबून दुबारा दाखवलेला भाग पाहत होतो. तुमी कधीतरी लावणार, तेव्हा कुणालातरी ठाऊक पाहिजे ना.

एस्तेर त्यांची एकुलती एक. लहानपणापासून प्रार्थनाघरात पेटी वाजवून गायची. आवाज असा की रस्त्यावरची माणसं गाडी बाजूला लावून ऐकायची. कॉलेज संपल्यावर तिला एका ऑर्केस्ट्रात बोलावणं आलं. लग्नं, जयंत्या, वाढदिवस, जत्रा. ती हो म्हणाली आणि घरी नंतर सांगितलं. पास्टर दोन-तीन दिवस जेवले नाहीत नीट. माझ्याकडे आले तरी टीव्हीकडे लक्ष नसायचं. ते काही फार मोकळ्या विचारांचे होते असं मी म्हणणार नाही... त्यांना भीती वाटत होती. लोक काय म्हणतील याची होतीच, पण त्याहून जास्त पोरगी आपल्यापासून दूर जाईल याची. नवरात्रात तिला देवीच्या गाण्यांचं विचारलं गेलं तेव्हा तिनं वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "जे गाताना तुला खोटं वाटंल ते गाऊ नको. दुसऱ्याच्या देवापुढं खोटं गाणं म्हणजे त्याचाबी अपमान अन् आपलाबी." तिनं ते नऊ दिवस सोडले. बाकी गाणं सोडलं नाही.

मंडळीत कुरबुर सुरू झाली. बाबुराव म्हणून तिथले ज्येष्ठ होते, कारभार तेच पाहायचे. सरळ माणूस, पण एकदा मनाने घेतलं की वळायचा नाही. त्यांनी घरी येऊन सांगितलं की पोरीनं स्टेजवर नाचगाण्यात उभं राहायचं आणि बापानं व्यासपीठावर, हे दोन्ही चालणार नाही. एक काहीतरी थांबलं पाहिजे. पास्टर म्हणाले, आधी मला एकदा पाहून येऊ द्या. मी अजून पाह्यलंच न्हाई.

त्यांनी मला सोबत नेलं. सेनगावजवळच्या एका गावात लग्न होतं, दुपारचं. हिंगोलीपर्यंत बस, पुढे जीप. दोन्ही बाजूंना सोयाबीन कापून झालेली रानं. आम्ही मांडवाच्या कडेला, लिंबाच्या सावलीत बसलो. एस्तेर निळी साडी नेसून स्टेजवर आली तेव्हा त्यांनी मान खाली घातली. दोन-तीन उडत्या गाण्यांना पोरं नाचली, शिट्ट्या झाल्या. एक माणूस झिंगून स्टेजवर चढला आणि तिच्याजवळ नाचू लागला. पास्टर ताडकन उठले. पण एस्तेरनं गाणं न थांबवता त्याला हातानं स्टेजची पायरी दाखवली, शाळेतल्या बाई दाखवतात तशी, आणि तो मुकाट उतरला. पास्टर हळूच खाली बसले. मग तिनं नवरीच्या पाठवणीचं गाणं घेतलं. मांडवातला गलका कमी कमी होत गेला. आमच्या पुढ्यात तांड्यावरच्या काही बाया बसल्या होत्या, त्यांनी पदर डोळ्यांना लावला. नवरीचा बाप, चांगला दांडगा माणूस, खांबाला धरून रडत होता. पास्टर एस्तेरकडे पाहत नव्हते. ते त्या माणसांकडे पाहत होते.

नंतर पंगतीत ते ऑर्केस्ट्रावाल्यांच्या पोरांबरोबर बसून जेवले. एस्तेर वाढायला आली तेव्हा तिनं फक्त मूठभर बुंदी जास्त वाढली आणि त्यांनी ती खाल्ली. परतीच्या जीपमध्ये म्हणाले, "गुरुजी, तिला गाताना मी लहानपणापासून ऐकलं. लोकं तिला ऐकताना कसे होतात, हे कधी पाह्यलं नव्हतं."

त्या रविवारी मी मुद्दाम आत जाऊन बसलो. पास्टरांनी व्यासपीठावरून सगळं सांगितलं. सेनगावला गेलो होतो, काय पाहिलं, काय आवडलं, काय नाही आवडलं, तेही. मग म्हणाले, एस्तेर गात राहणार. तुमच्या मनाला हे पटत नसंल तर मी खाली बसतो. तुमच्यावर राग न्हाई. आणि खरोखरच ते खाली उतरले, बायका-लेकरांच्या मागे चटईवर मांडी घालून बसले. शेवटी बाबुराव उठले आणि त्यांनीच प्रार्थना करून उपासना संपवली.

पुढच्या रविवारपासून संदेश बाबुराव देऊ लागले. पास्टर चटईवर. आठवडाभर आजाऱ्यांकडे जाणं, दवाखान्यात सोबत करणं, तेरवीला असो की बारशाला, कुणाच्याही घरी हजर राहणं, सगळं पूर्वीसारखंच. बाबुरावांचे पहिले दोन-तीन संदेश निभावले. मग त्यांच्याकडचं बोलणं संपलं. एका संध्याकाळी ते पास्टरांना शोधत माझ्याच घरी आले, दारात चपला काढून चुळबुळत उभे राहिले. म्हणाले, रविवारी काय बोलावं काही सुचून नाही राहिलं. पास्टरांनी त्यांना बसवून घेतलं, मालिका पाहायला लावली, आणि मग दोघं तिच्यावरून कितीतरी वेळ बोलत बसले. त्यानंतर दर आठवड्याला हे सुरू झालं. बाबुराव येऊन संदेश घेऊन जायचे आणि रविवारी सांगताना सासूचं बोलणं सुनेच्या तोंडी घालायचे. बाया पदराआड हसायच्या. चटईवरचे पास्टर मात्र गंभीरपणे मान हलवायचे.

असं किती चाललं असतं कोण जाणे. एका रविवारी बाबुराव बोलता बोलता मध्येच थांबले. ते क्षमेबद्दल सांगत होते, अर्थात पास्टरांनीच सुचवलेलं. पुढचं वाक्य त्यांना आठवेना, किंवा आठवलं पण तोंडातून निघेना. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "एस्तेरचं मला अजूनबी पटलेलं न्हाई. पण पुढचं पास्टरच सांगतील. मला दुसऱ्याचं बोलून तकलीफ होऊन राहिली." आणि ते जाऊन पास्टरांच्या शेजारी चटईवर बसले. पास्टर लगेच उठले नाहीत. त्यांनी आधी बाबुरावांना नीट बसायला जागा करून दिली.

दफनाला फाट्यावरची दुकानं बंद होती. तांड्यावरून माणसं आली, कळमनुरीहून आली, ऑर्केस्ट्राची पोरं आपल्या गाडीतून आली आणि मागे, झाडाखाली उभी राहिली. सगळ्यांना वाटलं एस्तेर गाईल. तिला तोंडातून शब्द काढता येईना. तेव्हा बाबुरावांनी गीत सुरू केलं. आता थकलेत ते, आवाज कापत होता, सूर भलतीकडेच गेला. एक कडवं तसंच ओढलं. मग एस्तेरनं रडता रडताच मान वर केली आणि पट्टी धरून दिली. बाबुराव तिच्या सुरात आले. मी त्या दोघांकडे पाहत होतो. वाटलं, पास्टर असते तर गाणाऱ्यांकडे नाही, आमच्याकडे पाहत राहिले असते.

आता मी परत माझ्या घरी आलो आहे. मालिका संपली म्हणे. शेवट काय झाला ते मी पाहिलं नाही, आणि विचारलेलंही नाही. सकाळी फिरून येताना फाट्यावरच्या हॉटेलात चहा घेतो. तिथे आम्ही दोघं कितीतरी वर्षं बसलो. चहा समोर आला की पास्टर डोळे मिटायचे, ओठ जरा हलायचे, आणि मग कप उचलायचे. साधा अर्धा कप असला तरी. मी माझा कप तोवर उचलायचो नाही. प्रार्थना म्हणून नव्हे, आपल्या माणसाच्या आधी सुरुवात करायची नाही म्हणून.

परवा हॉटेलवाला विचारत होता, गुरुजी, चहा गार करून पिता का आजकाल? तेव्हा माझ्या लक्षात आलं. कप समोर आला की माझा हात अजून थांबतो. मी डोळे मिटत नाही, मनात काही म्हणतही नाही. समोरच्या रिकाम्या बाकड्यावरच्या माणसाचं होईपर्यंत वाट पाहतो... आणि मग घोट घेतो.