बारा नंबरला मारलेली हाक

आमचे बाबा आगरदांड्याला दुसऱ्याच्या होडीवर वल्ही मारायचे, आई कोळंबीचे सोडे सुकवून विकायची. दोघांनाही सही येत नाही. घरात एकच ट्यूबलाइट — तिच्याखाली जेवण, जाळी विणणं आणि माझा अभ्यास. खानदानातला पहिला ग्रॅज्युएट मी, बीएस्सी आयटी. अभिमानाने सांगतो. आणि भुताखेतांचं म्हणाल तर... तसल्या गोष्टी मानायला आमच्याकडे फुरसतच नव्हती.

खाडीपलीकडे दिघीच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. गेल्या वर्षी तिथे पहिल्यांदाच ऑनलाइन प्रवेश परीक्षेचं सेंटर मिळालं. नियम कडक — आदल्या संध्याकाळी लॅबला सील, सकाळी आठच्या आत वीसही मशीन बाहेरूनच चालू करून दाखवायची, नऊला पोरांसमोर सील तोडायचं. एक जरी कमी पडलं तर सेंटर रद्द, पोरांनी अलिबाग गाठायचं. आणि नेमकी त्या सकाळी वाऱ्यामुळे फेरी बंद! म्हणजे सेंटर रद्द झालं तर अलिबाग गाठणंही अशक्य, पोरांचं वर्षच जाणार.

मीही खाडीच्या अलीकडच्या काठालाच अडकलेला. घरातून लॅपटॉपवरून कॉलेजच्या ऑफिसमधल्या मशीनमध्ये शिरलो. बंद कॉम्प्युटरचंही नेटवर्क कार्ड जागं असतं. केबलमधून त्याच्या पत्त्यावर ठरावीक मेसेज गेला की तो उठतो. त्याला मॅजिक पॅकेट म्हणतात. नावच तसं, जादू काही नाही.

एकोणीस उठली. बारा नंबर ढिम्म. पत्ता तपासला — बरोबर. सेटिंग मीच केलेलं, आदल्या दिवशी टेस्टला उठलंही होतं. दहा वेळा पाठवलं... काही नाही.

आई मागे उभी. म्हणाली, "नंबरानं कोन उठतं? नाव न्हाय काय त्याला?"

मी वैतागून यादी बघितली. त्या जागेवर निकिता नावाची मुलगी बसणार होती. आमच्याकडे पलीकडच्या होडीवाल्याला नाव घेऊन तीनदा हाक मारतात. एका हाकेला कुणी ओ देत नाही — कोण बोलवतंय काय माहीत! आई लॅपटॉपवर वाकली आणि खाडीपल्याड मारावी तशी हाक दिली. "निकिता... ओ निकिता... निकिता गोऽ"

मी हसत हसत प्रत्येक हाकेला एंटर दाबलं. तिसऱ्याला स्क्रीनवर बारा नंबर हिरवा झाला. आठला चार मिनिटं कमी.

नऊला सील तुटलं आणि केंद्रप्रमुख मॅडमचा फोन आला. "पाटील, बारा नंबर चालू आहे. पण त्याची नेटवर्कची वायर जमिनीवर का पडलीय?"

मॅडमनी फोटो पाठवला. टोक उंदराने कुरतडून तोडलेलं. त्या मशीनला वायफाय नाही, खोलीत कुणी गेलेलं नाही. मशीनच्या नोंदींचा लॉग मी नंतर स्वतः उघडला — नेटवर्क कार्डने जागं केलं, असंच लिहिलंय. कुठल्या केबलमधून? शिकलेल्या चार जणांना तो लॉग दाखवला. आई एवढंच म्हणाली, "मंग? ऐकलन ना तिनं."

मॅडमनी दुसरी वायर लावली. वीसही पोरांनी दिघीतच परीक्षा दिली, आणि सेंटर आता तिथे कायम झालंय.