न विस्कटलेला पलंग

रुग्णालयात तिला सगळे घडीताई म्हणायचे. वॉर्डातल्या खाटा घालायचं तिचं काम, आणि तिने घातलेली चादर अशी ताठ बसायची की डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "यावर पेशंट झोपवायचं जिवावर येतं हो." नोकरी संपली, कंबर कुरकुरायला लागली, पण जित्याची खोड ती! घरात कुणी पाणी प्यायला उठलं, तर तो परत येईपर्यंत त्याचं अंथरूण गुंडाळून कोपऱ्यात. लेक माहेरी आली की म्हणायची, "आईच्या घरी गादी घट्ट धरूनच झोपावं लागतं."

नवरा वजनकाटे दुरुस्त करणारा, आळीत त्याला काटेवाले म्हणत. त्यांची सगळी हयात गावोगावची दुकानं आणि गोदामं पालथी घालण्यात गेली. कंपनी त्यांना ज्या हॉटेलांत उतरवायची, तिथले पॉइंट त्यांच्या नावावर साठत होते, पण या गृहस्थांना त्याचा पत्ताच नव्हता. एके दिवशी जावयाने त्यांच्या फोनमध्ये खुडबुड केली आणि ओरडला, "बाबा, तुम्ही तर श्रीमंत निघालात! मोठ्या शहरात दोन खोल्यांचा स्वीट, दोन रात्री, फुकट. पण या महिन्यात जावं लागेल, नाहीतर सगळे पॉइंट बुडाले."

काटेवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. इतकी वर्षं ते परक्यांनी घातलेल्या बिछान्यात झोपले होते. ही मात्र दिवसभर परक्यांचे बिछाने घालून घरी यायची आणि घरच्यांचे घालायची. हिचा बिछाना कुणी कधी घातला होता? कुणीच नाही. हे त्यांना फार दिवस सलत होतं, फक्त बोलायची संधी मिळाली नव्हती.

"चल," ते म्हणाले. "पण एक अट. तिथे कशाला हात लावायचा नाही. दोन दिवस तू पाहुणी."

"बरं बाबा, नाही लावत. मी काय लहान आहे?"

स्वीट खरोखरच ऐसपैस होता. बाहेर सोफा, कोपऱ्यात छोटासा ओटा, आणि आतला पलंग एवढा रुंद की घडीताईने मनातल्या मनात त्यावर तीन पेशंट मावतात का ते बघितलं. मग वाकून गादीचा कोपरा उचलला.

"हात!" काटेवाले गरजले.

तिने हात पाठीमागे नेले. "कोपरा बरा दुमडलाय, एवढंच म्हणत होते."

सकाळी काटेवाले आंघोळीला गेले. तिथे गरम पाण्याला अंत नव्हता, त्यामुळे गाण्यालाही नव्हता. इकडे घडीताईचे हात शिवशिवायला लागले. नुसती चादर ओढते, ती स्वतःला म्हणाली. चादरीमागून उशा आल्या, उशांमागून कप, कपांमागून ओटा. शेवटी बॅग पायात येत होती म्हणून तिने ती पलंगाखाली सारली, कारण वॉर्डात पेशंटचं सामान खाटेखालीच जातं.

"हे कुणी केलं?" बाहेर येऊन काटेवाल्यांनी विचारलं.

"असंच होतं की," ती म्हणाली. चष्मा नसल्यामुळे त्यांनी विश्वास ठेवला. ते कपडे करेपर्यंत न्हाणीघरही पुसून कोरडं झालं, टॉवेल घडी घालून जागेवर.

दिवस मजेत गेला. दोघं नदीत बोटीतून फिरली, उंच इमारतींकडे बघून माना दुखवून घेतल्या, आणि बाकावर बसून आइस्क्रीम खाताना ती इतकी हसली की काटेवाल्यांना आपले पॉइंट दोनच रात्रींपुरते आहेत याची हळहळ वाटायला लागली. संध्याकाळी दमून वर आली, तर खोलीचं कार्ड चालेना. लाल दिवा. पुन्हा लाल दिवा. शेवटी दार आतूनच उघडलं, आणि पांढरा झगा घातलेला एक जाडजूड माणूस समोर उभा राहिला.

"काय पाहिजे?"

"अहो," घडीताई म्हणाली, "तुमच्या पलंगाखाली आमची बॅग आहे."

त्या माणसाने घाबरून एकदम पाय वर घेतला, जणू बॅग चावणारच होती.

खाली मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. साफसफाईच्या बाईंनी सकाळी कळवलं होतं की खोलीत कुणी राहिलेलंच नाही. पाहुणे न राहताच निघून गेले असावेत असं समजून त्याने स्वीट दुसऱ्याला देऊन टाकला होता. बाईंना बोलावलं. त्या घडीताईच्याच वयाच्या होत्या.

"मी तरी काय करणार?" त्या म्हणाल्या. "पलंग न विस्कटलेला, कप कोरडे, सामान दिसेना. पाहुणे असं ठेवतात का कधी?"

काटेवाल्यांनी हळूच बायकोकडे पाहिलं. हात दाखवून अवलक्षण ते हेच. ती खाली मान घालून म्हणाली, "त्यांची काही चूक नाही. आमच्या वॉर्डातही तसंच होतं. नीट खाट म्हणजे रिकामी खाट. माणूस गेलं की मगच मी ती तशी करायचे."

 रोज पहाटे स्वतःच्या अंथरुणाचंही आपण तेच करत आलो, जणू तिथे कुणी झोपलंच नव्हतं, हे तिला त्या काउंटरपाशी पहिल्यांदा दिसलं आणि वाईट वाटलं, चांगलंच वाईट.

हॉटेल भरलेलं होतं. उरली होती लिफ्टजवळची एक छोटी खोली, नुकतीच रिकामी झालेली, पलंग अजून घालायचा होता. मॅनेजर पुन्हा पुन्हा माफी मागत होता. काटेवाल्यांचा चेहरा उतरला. एवढी हौस केली आणि पदरात काय, तर लिफ्टची घरघर.

सफाईच्या बाई धुतलेली चादर घेऊन आल्या आणि त्यांनी ती झटकली. घडीताई सवयीने दुसरं टोक धरायला पुढे झाली.

"बसा तुम्ही," बाई म्हणाल्या. "आज तुमचा बिछाना मी घालते."

घडीताई खुर्चीत बसली. हात मांडीवर ठेवले, एकात एक घट्ट धरून. चादर पसरली, कोपरे दुमडले गेले, उशी थोपटली गेली, आणि हे सगळं आपल्यासाठी चाललंय हे बघता बघता तिचे डोळे भरून आले. तिने ते पुसलेही नाहीत. काटेवाले खिडकीबाहेर बघत राहिले, आणि लिफ्टच्या घरघरीला त्यांनी मनोमन माफ केलं.

सकाळी सामान भरून झाल्यावर ते दाराशी थांबले. "चल ना."

"आले." ती पलंगाकडे वळली. पांघरूण अर्धं जमिनीवर लोळत होतं, चादर चुरगळली होती. तिचा हात पुढे गेला, थबकला. मग तिने उशीला एक गुद्दा हाणला, बरोबर मधोमध, आणि निघाली.

काउंटरवरच्या मुलीने जपून विचारलं, "राहणं कसं झालं, काकू?"

"राहिले मी," घडीताई म्हणाली. "वर जाऊन बघा हवं तर."