नवव्या नटावरचा लाल ठिपका

मालकाने केलेला अन्याय आणि आपण स्वतः केलेला अन्याय — यातला कोणता लिहायला तुमचा हात चटकन चालतो? माझा पहिला. चार वर्षांत गोदी कामगारांच्या हालांवर मी दुबईहून अकरा पत्रकं लिहून मुंबईला पाठवली. आणि जी एक गोष्ट लिहायला हवी होती, ती कुणालाच सांगितली नाही — आईला नाही, खोलीतल्या सोबत्यांना नाही. आज सांगतो. ऐकून माझी चीड आली, तर येऊ द्या.

माझे वडील चिपळूणच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. घरात पुस्तकं नव्हती, संपाची पत्रकं मात्र ढिगाने. त्यांवरच मी अक्षरं गिरवली. पुढे दुबईला, देरा भागातल्या एका गॅरेजात कारकून म्हणून लागलो, तेव्हाही डोक्यात तीच भाषा होती.

गॅरेजचे मुख्य मिस्त्री दाऊदचाचा. दापोलीकडचे, म्हणजे आमच्याच मुलखातले. लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांची घरची पत्रं मीच लिहायचो. पण इंजिनाला कान लावून त्याचं दुखणं सांगायचे.

अरबाबचा — आमच्या मालकाचा — पुतण्या हमद इंग्लंडहून परतला, तो गाडी घेऊन. गाडी कसली? सहा लाकडी खोकी. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, फायबरची कवचं, पोतंभर नटबोल्ट आणि एक इंग्रजी पुस्तिका. आपली गाडी आपणच जोडायची, अशी तिकडची हौस. इंजिन नव्हतंच, ते एका मोडक्या गाडीचं काढून बसवायचं होतं. चाचा खोक्यांभोवती फिरले आणि म्हणाले, वऱ्हाड आलंय, नवरी बोटीवरच राहिली.

मी वाचायचं, चाचांनी जोडायचं — असे तीन महिने गेले. स्टिअरिंगच्या दांड्याचा एक बोल्ट खोक्यात निघालाच नाही. चाचांनी तो लेथवर स्वतः कातला. तीन कातले, दोन पसंत नाहीत म्हणून भंगारात टाकले.

चाचांचा एक नियम होता. नट आवळायचा एकाने, त्याच्या खाचेतून पिन घालायची दुसऱ्याने. पिन असली की नट फिरून सुटत नाही. पिन घालणाऱ्याने नटावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका दिसला की पुन्हा कुणी तपासायचं नाही — तो दुसऱ्याचा शब्द. मला हा नियम इतका आवडला होता की एका पत्रकात त्यावर मी परिच्छेद लिहिला. कामगाराचा कामगारावरचा विश्वास, वगैरे. हो, मीच.

गाडी रस्त्यावर आणायला परवाना हवा. पोलिसांच्या कागदावर रकाना होता — कंपनीचं नाव. आमच्या गाडीला कंपनीच नव्हती. चार खेपा झाल्या. शेवटी अंमलदार स्वतः येऊन तपासणार असं ठरलं.

इथवर आलो की मी नेहमी थांबतो. मनातसुद्धा.

तपासणीच्या दुपारी चाचा नमाजाला गेले होते. पुढच्या चाकांकडचे नऊ नट त्यांनी आवळून ठेवले होते, पिना घालणं माझं काम. आठ झाल्या. नववी, स्टिअरिंगच्या दांड्याच्या त्या कातलेल्या बोल्टची, जाईना — नटाची खाच आणि बोल्टचं भोक समोरासमोर येत नव्हतं. नट जरासा आणखी आवळायला हवा होता, आणि तो आवळायचा चाचांनी. किती वेळ थांबावं लागलं असतं? पंधरा मिनिटं? पण बोटीने जाणाऱ्या माणसाबरोबर माझा लेख पाठवायचा होता, शेवटचं पान बाकी होतं. तो लेख कशावर होता, सांगू? मालकांच्या घाईपायी कामगारांचे जीव कसे जातात, त्यावर.

मी नवव्या नटावर लाल ठिपका दिला. पिन खिशात टाकली.

अंमलदार आला. ही कुणी बनवली, असं त्याने विचारलं. चाचांनी छातीवर हात ठेवला, मग तोच हात माझ्या खांद्यावर ठेवला. अंमलदाराने ठिपके पाहिले, त्यांचा अर्थ विचारला, मान डोलावली. एक फेरी मारून सही केली आणि म्हणाला, खलास. सगळ्यांनी खजूर खाल्ले. मीही खाल्ले.

मी विसरलो, असं समजू नका. पुढच्या आठ दिवसांत मला तीनदा आठवलं. हमदकडे जाऊन सांगता आलं असतं. पण मग मिळालेला परवाना खोटा, असं म्हणावं लागलं असतं — आणि तो कुणामुळे खोटा, तेही.

नवव्या दिवशी शारजाच्या वाटेवर, मिठागरासारख्या त्या ओल्या खारट मैदानात, स्टिअरिंगचा दांडा निखळला. गाडी उलटली. हमदची दोन बोटं गेली. दांड्याच्या जागी नट नव्हता, बोल्टही नव्हता. चाचा दोन तास गुडघ्यांवर बसून चिखल चाचपत राहिले. मीही शेजारी चाचपत होतो. काय शोधत होतो मी?

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "युनूस, पिन घातली होतीस ना रे?"

"घातली होती, चाचा."

इतकंच. धक्का मला त्या अपघाताचा नाही बसला — या दोन शब्दांचा बसला. किती सरळ निघाले ते! जीभ अडखळलीसुद्धा नाही. आणि चाचांनी मान हलवली. "मग बोल्टच तुटला. माझ्या हातचा."

माझ्यावर त्यांचा स्वतःच्या हातांपेक्षा जास्त विश्वास होता.

सगळ्यांसमोर त्यांनी अरबाबला तेच सांगितलं. मला वाटलं, आता अरबाब त्यांना हाकलेल, मग मी त्याच्यावर तुटून पडेन, लिहीन. पण अरबाब म्हणाला, राहा. माझ्या पत्रकांत बसेल असा मालकसुद्धा मला मिळाला नाही. चाचाच राहिले नाहीत. नट आवळायचे पाने मोजून परत केले, आणि मला घरी पत्र लिहायला सांगितलं. 'हात आता भरवशाचे राहिले नाहीत, परत येतोय' — हे वाक्य त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. सुवाच्य अक्षरात. शाई वाळेपर्यंत फुंकरही घातली.

परवा तिकडून आलेला एक जण सांगत होता, गावातले लोक पंप घेऊन त्यांच्याकडे येतात आणि ते परत पाठवतात. सायकलचा नटसुद्धा आवळत नाहीत.

मी स्वतः का गेलो नाही? धीर झाला नाही. दुसरं कारण नाही. माफी मागत नाही, ती मला देऊही नका.

पण तुमच्यापैकी कुणी दापोलीकडचं असेल, तर हा कागद घेऊन दाऊद मिस्त्रींच्या दारी जा. त्यांना वाचता येत नाही, तेव्हा मोठ्याने वाचून दाखवा — एकट्याला नको, चार माणसं बसलेली असताना. त्यांनी कबुली चार माणसांतच दिली होती. आणि वाचताना माझं नाव गाळू नका.