वहिनींचा वर केलेला हात

रविवारी अकोल्यात जे पाहिलं, ते अजून डोक्यातून जात नाहीये...

माझी पुतणी समीक्षा, आमच्या बाळापूरची, बास्केटबॉलच्या प्रोफेशनल लीगमध्ये खेळते. यंदा लीगमध्ये वऱ्हाडची नवी टीम आली, पहिलाच सीझन. रविवारी घरच्या मैदानावरची शेवटची मॅच होती आणि पुढच्या वर्षी समीक्षाला या टीममध्ये ठेवायचं की नाही, हे त्यावरच ठरणार होतं.

अडचण एकच. फाऊल झाल्यावर मिळणारे फ्री थ्रो बाहेरगावी ती सहज टाकते, अकोल्यात मात्र हमखास चुकवते. कोचना वाटायचं, पोरगी घरच्यांसमोर घाबरते.

मी अमरावतीहून गेलो होतो. शेजारी वहिनी, म्हणजे समीक्षाची आई. समीक्षा फ्री थ्रोला उभी राहिली की सगळं स्टेडियम तिच्या नावानं ओरडायचं, वहिनी सगळ्यांत जोरात. आणि समोरच्या टीमची मुलगी उभी राहिली की चिडीचूप... पाहुण्यांचा मान ठेवायचा ना आपण.

मागे त्या टीमचे एक गृहस्थ बसले होते. हसत म्हणाले, "दादा, तुमचं सगळं उलटं आहे. आपली मुलगी टाकते तेव्हा गप्प बसायचं असतं, ओरडायचं ते समोरचीचं लक्ष उडवायला."

वहिनींनी ऐकलं आणि चेहराच उतरला. "म्हंजे भाऊजी, मीच चुकवून राहिली होती का पोरीले?"

शेवटचे काही सेकंद. आपली टीम एका पॉइंटनं मागे आणि समीक्षाला दोन फ्री थ्रो. लोक ओरडायला लागले तशा वहिनी बाकावर चढल्या, मैदानाकडे पाठ केली, हात वर केला. "गप बसा न बाप्पा... टाकू द्या तिले."

ओळीमागून ओळ शांत होत गेली. एवढ्या माणसांची शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. पहिला आत. दुसराही आत... तरी कोणी हूं की चूं केलं नाही, कारण वहिनींचा हात वरच होता. पाठमोऱ्या त्यांना काही दिसलंच नव्हतं.

मी म्हणालो, "वहिनी, गेले दोन्ही." त्यांनी हात खाली घेतला आणि मग जो काय गलका उठला...

मॅच जिंकली. समीक्षाला विचारलं, आधी का नाही सांगितलंस? "बाहेरचे वरडले तं काही नाही वाटत काका. आईचा आवाज आला का लक्ष तिकडंच जाते. पण तिले गप बस कसं म्हणू?"

निघताना कोच वहिनींना म्हणाले, "ताई, पुढच्या वर्षी पण याच जागेवर बसायचं." वहिनी तिथंच रडल्या. त्या वेळी गप्प बसलेल्या प्रत्येक अकोलेकराला माझा मनापासून नमस्कार.